वाकणारी बॅटरी आणि मेंदीचं कूळ

गेल्या महिन्यात कपाटाच्या खणातून जुना मोबाइल काढला, तर त्याचं मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. तसाच दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने प्लास्टिकची पातळ पट्टी बॅटरीखाली सारली आणि उलथन्याने घावन सोडवावं तशी ती हळूहळू, चारही कडांनी सुटी केली. मी मदतीला बोट पुढे केलं तर म्हणाला, "ताई, हात नका लावू. ही जरा जरी वाकली तरी आत शॉर्ट होईल." मग ती त्याने वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली होती: बोटाभोवती गुंडाळता येणारी, मिनिटांत चार्ज होणारी 'सेंद्रिय बॅटरी'. काकांनी लगेच विचारलं, "सेंद्रिय म्हणजे? सेंद्रिय गुळासारखी का?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तरही तिथूनच सुरू करायला हवं.

'सेंद्रिय'चा शेणखताशी संबंध नाही

शेतीत सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत-औषधाविना पिकवलेलं. रसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे कार्बनच्या सांगाड्यावर उभे असलेले रेणू म्हणजे सेंद्रिय. साखर सेंद्रिय, पेट्रोल सेंद्रिय, प्लास्टिकची पिशवीही सेंद्रिय. तेव्हा सेंद्रिय बॅटरी म्हणजे आपोआप निर्मळ, निरुपद्रवी बॅटरी असं मुळीच नाही. जिच्यात वीज साठवण्याचं काम धातूच्या संयुगाऐवजी कार्बनचे रेणू करतात, ती सेंद्रिय बॅटरी.

आपल्या खिशातल्या लिथियम-आयन बॅटरीत हे काम कोण करतं? तिच्या अधिक टोकाला बहुतेक वेळा धातूचं ऑक्साइड असतं. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ पुढे आणला, १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात उतरवली आणि २०१९ मध्ये गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते सार्थच होतं. पण कोबाल्ट खाणीतून येतं, जगातलं बहुतांश एकट्या काँगोमधून येतं, आणि तिथल्या खाणींत माणसं, लहान मुलंसुद्धा, कोणत्या हालात राबतात हे आता जगाला ठाऊक आहे. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन मात्र कोणत्याही एका देशाच्या मुठीत नाहीत.

चार्ज होताना आत नेमकं काय होतं

बॅटरीला दोन टोकं आणि मध्ये एक द्रव असतो. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून धावतात आणि आपलं काम करून देतात. हिशेब जुळता राहावा म्हणून आतल्या द्रवातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ये-जा करतात. बॅटरी म्हटली की एवढं बहुतेक सगळ्यांत समान असतं.

फरक पडतो आयनांच्या मुक्कामाच्या जागेत. ऑक्साइड हा स्फटिक असतो, अणूंच्या थरांवर थर रचलेला. पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटात आणखी एक पुस्तक सारावं, तसा लिथियमचा आयन त्या थरांमध्ये शिरतो. जागा असते, पण सरकत सरकत जावं लागतं, आणि प्रत्येक फेरीला स्फटिक किंचित फुगतो किंवा आक्रसतो. घाई केली की तडे जातात. दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटलाही घाई सोसत नाही. तिथे आत शिरायची वाट पाहणारं लिथियम पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं, आणि तो धोका मोठा असतो. (माझी बॅटरी फुगली ती आतल्या द्रवाचं विघटन होऊन झालेल्या वायूने. ती गोष्ट वेगळी, पण तिचंही मूळ वय आणि उष्णतेतच.)

सेंद्रिय पदार्थाची रचना सैल असते. लांब साखळ्या, त्यांना फुटलेल्या फांद्या आणि मधून झिरपलेला द्रव. आयनाला कुठल्या भिंतीत शिरायचं नसतं. पक्षी फांदीवर बसावा तसा तो रेणूशेजारी येऊन बसतो आणि वेळ झाली की उडतो.

टाकी मोठी की नळ मोठा?

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण बॅटरीच्या बातम्यांमधला निम्मा गोंधळ तो न कळल्यामुळे होतो. गच्चीवरची टाकी किती लिटरची हा एक प्रश्न, आणि नळातून मिनिटाला किती बादल्या भरतात हा दुसरा. पहिली ऊर्जा, दुसरी शक्ती. मोबाइल दिवसभर पुरायला टाकी मोठी लागते. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवायला, सेन्सरने दिवसातून चार वेळा क्षणभर रेडिओ संदेश पाठवायला किंवा वीज गेल्यावर यंत्राला पहिली काही सेकंदं सावरायला टाकी लहान चालते, पण नळ दणदणीत हवा.

सेंद्रिय बॅटरीचा नळ मोठा असतो. टाकी मात्र अजून तरी बेताचीच आहे. माझ्या मते ही एवढी गोष्ट मथळ्यात आली तरी वाचकांची निम्मी दिशाभूल टळेल.

पण प्लास्टिकमधून वीज जाते?

विजेच्या तारेवर प्लास्टिक चढवतात ते वीज अडावी म्हणून. मग प्लास्टिकसारख्या पदार्थाची बॅटरी कशी होईल? ही शंका शास्त्रज्ञांनाही होती, आणि ती फिटली एका चुकीमुळे.

१९६७ मध्ये टोकियोमध्ये हिदेकी शिराकावा पॉलिअ‍ॅसिटिलीन नावाचा प्लास्टिकसारखा पदार्थ बनवत होते. सोबतच्या संशोधकाच्या हातून त्यात उत्प्रेरक सुमारे हजारपट जास्त पडला. एरवी काळपट भुकटी मिळायची, त्या जागी भांड्यात चंदेरी, ताणली जाणारी पातळ फिल्म तयार झाली. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायरमिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत शिराकावांनी तिला आयोडीनची वाफ दिली, आणि तिची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पटीने वाढली. हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००० मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

कारण समजायला सोपं आहे. अशा साखळीत कार्बन-कार्बन बंध एक आड एक असे एकेरी-दुहेरी असतात. आयोडीनने मधूनच एखादा इलेक्ट्रॉन काढून नेला की रिकामी जागा होते, आणि मग शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा सरकतो. सिनेमागृहात रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली की सगळी रांग एकेक खुर्ची सरकू शकते, तसंच.

यातून बॅटऱ्याही झाल्या. १९८७ मध्ये जपानमध्ये ब्रिजस्टोन आणि सेइको यांनी पॉलिअ‍ॅनिलीन या वाहक पॉलिमरची नाण्याएवढी बॅटरी बाजारात आणली. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची मण्यांसारखी ओवलेली लांब माळ. ही बॅटरी बाजारात फार टिकली नाही. अशा पदार्थांत वापरासोबत व्होल्टेज उतरत जातं आणि न वापरताही चार्ज गळतो. त्याच काळात लिथियम-आयनचा वारू सुटला आणि सेंद्रिय बॅटरी प्रयोगशाळेत परतली.

चार हातांच्या आडोशातला दिवा

ती तिथून बाहेर आली २००२ मध्ये. जपानच्या एनईसी कंपनीतले केंतारो नाकाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅडिकल पॉलिमरची बॅटरी दाखवली. वासेदा विद्यापीठातले हिरोयुकी निशिदे यांनी ही वाट पुढे खूप रुंद केली.

रॅडिकल म्हणजे काय? रेणूत इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो, तो रॅडिकल. असे रेणू भलतेच चळवळे असतात, दिसेल त्याच्याशी क्रिया करतात आणि क्षणात संपतात. पण टेम्पो नावाचा एक रेणू याला अपवाद आहे. (मालवाहू टेम्पोशी संबंध नाही. लांबलचक रासायनिक नावाची ती आद्याक्षरं आहेत.) त्याच्यातला एकटा इलेक्ट्रॉन नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोडीवर बसलेला असतो आणि भोवती मिथाइल नावाचे अणूंचे चार गट पहारा देतात. वाऱ्यात निरांजनाला हातांचा आडोसा धरावा, तसे. म्हणून तो बाटलीत वर्षानुवर्षं टिकतो.

चार्ज करताना हा रेणू आपला एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, वापरताना परत घेतो. आणि या देवघेवीत रेणूचा आकार जवळजवळ बदलत नाही. इथेच वेगाचं रहस्य आहे. कुठला बंध तुटत नाही, कुठली भिंत सरकत नाही. इलेक्ट्रॉन एका रेणूवरून शेजारच्यावर उडी मारत जातो. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, पाहिलंय ना? जागचं कुणी हलत नाही, घमेली मात्र चौथ्या मजल्यावर पोचतात.

एनईसीने २००५ मध्ये सांगितलं होतं की अशी पातळ बॅटरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास चार्ज होते. २०१२ मध्ये त्यांनी ०.३ मिलिमीटर जाडीची बॅटरी दाखवली. बँकेचं कार्ड ०.७६ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याच्या निम्म्याहून पातळ. तिची क्षमता होती ३ मिलिअँपिअर-तास. मोबाइलच्या बॅटरीवर ४ ते ५ हजार असा आकडा असतो. नळ आणि टाकीचा फरक यापेक्षा ठळक कुठे दिसणार?

वाकण्याचं गणित

शंभरपानी वही दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा. उघडी कड तिरकी होते, कारण बाहेरच्या पानांना जास्त अंतर कापावं लागतं. पानं सुटी असतात म्हणून सरकतात आणि वही वाचते. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली तर बाहेरचं पान ताणलं जाईल आणि आतलं चुरगळेल.

ताण किती येतो हे जाडीवर ठरतं. १५ मिलिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे साधारण मेणबत्तीच्या जाड खांबाएवढ्या वस्तूभोवती ०.३ मिलिमीटरची एकसंध पट्टी गुंडाळली तर तिची बाहेरची बाजू सुमारे १ टक्का ताणली जाते. तिथेच ५ मिलिमीटरची जाड वडी गुंडाळायला गेलो तर ताण १४ टक्क्यांच्या पुढे जातो. ऑक्साइडचे कण खापरासारखे ठिसूळ असतात, त्यांच्या लेपाला असा ताण पुन्हापुन्हा सोसत नाही. तडे जातात, कण मागच्या धातूच्या फॉइलवरून सुटतात. पॉलिमरच्या साखळ्या मात्र एकमेकींवरून घसरतात आणि पुन्हा जागेवर येतात. शिवाय पॉलिमर द्रावकात विरघळवून शाईसारखा छापता येतो, त्यामुळे पातळ थर द्यायला सोपं जातं.

पण इथे एक प्रामाणिक 'पण' आहे. बॅटरी तिच्यातल्या सर्वांत ताठ भागाएवढीच वाकते. अधिक टोक पॉलिमरचं केलं, तरी मागची धातूची फॉइल, बाहेर निघणाऱ्या पट्ट्यांचे जोड आणि हवा-पाणी अडवणारं वेष्टन हेही सगळं वाकायला हवं. घडीच्या रेषेवर फॉइल थकते, जशी दुधाच्या पिशवीची घडी शेवटी तिथेच फुटते. बोटाभोवती एकदा गुंडाळून फोटो काढणं वेगळं आणि मनगटावर रोज शंभरदा वाकणं वेगळं.

मेंदी, मंजिष्ठा आणि लॅम्बोर्गिनी

रॅडिकलखेरीज सेंद्रिय बॅटरीचं दुसरं मोठं घराणं म्हणजे क्विनोन. हे आपल्या अगदी घरचे रेणू आहेत. मेंदीचा रंग ज्या लॉसोनमुळे येतो तो क्विनोन. आयुर्वेदातली मंजिष्ठा लाल असते ती याच कुळातल्या पर्प्युरिन आणि मंजिस्टिनमुळे. दुसऱ्याचं तर नावच आपल्या मंजिष्ठेवरून पडलं आहे. तुमच्या-माझ्या पेशींत अन्नापासून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन वाहून नेणारा को-एन्झाइम क्यू हाही क्विनोन, आणि झाडांच्या पानांत प्रकाशसंश्लेषणात तेच काम करतो तोही क्विनोन. इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि परत द्यायचे हा या कुळाचा पिढीजात धंदाच आहे. बॅटरीला याहून वेगळं काय हवं?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पर्प्युरिन वापरून लिथियम बॅटरीचं टोक करून दाखवलं. म्हणून उद्या मेंदीच्या कोनातून मोबाइल चार्ज होईल असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका.

या घराण्याची ताकद आकड्यात पाहू. सर्वांत साधा क्विनोन, बेंझोक्विनोन, हिशेबाने दर ग्रॅमला ४९६ मिलिअँपिअर-तास चार्ज धरू शकतो. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडकडून प्रत्यक्षात बराच काळ १४० च्या आसपास मिळत आलं. टेम्पोच्या पॉलिमरचा आकडा १११. म्हणजे टाकी लहान असणं हे सेंद्रिय पदार्थांच्या कपाळी लिहिलेलंच आहे असं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गाजली ती बातमी याच कुळातली. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या मिर्चा डिंका यांच्या गटाने तीन षटकोनी कड्या जोडलेला एक रेणू घेतला. त्यावर क्विनोन इलेक्ट्रॉन धरायला, आणि शेजारच्या रेणूंशी हायड्रोजनचे बंध घट्ट बांधायला नायट्रोजनचे गट. रेणू ग्राफाइटसारखे थरांत रचले जातात आणि द्रवात विरघळत नाहीत. हा पदार्थ २,००० हून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन टिकला, आणि सहा मिनिटांत चार्ज होऊ शकतो असं गटाने सांगितलं. संशोधनाला पैसा दिला होता लॅम्बोर्गिनीने. त्यांना झपाट्याने शक्ती ओतणारी बॅटरी हवी होती, म्हणजे पुन्हा नळाचाच प्रश्न. हा पदार्थ गाडीसाठी आहे, बोटाभोवती गुंडाळायला नाही. बातम्यांमध्ये 'वाकणारी' आणि 'गाडीची' या दोन वेगळ्या बॅटऱ्या बरेचदा एकाच वाक्यात कोंबल्या जातात.

मग घोडं पेंड कुठे खातं?

सर्वांत जुनं दुखणं विरघळण्याचं. बेंझोक्विनोनसारखे छोटे रेणू इलेक्ट्रोलाइटमध्ये चहातल्या खडीसाखरेसारखे विरघळतात, भटकत दुसऱ्या टोकाला जातात आणि बॅटरी पडल्या पडल्या रिकामी होते. त्यांना पॉलिमरच्या माळेत ओवलं की पळून जाणं थांबतं. पण माळेच्या दोऱ्याचंही वजन असतं, आणि दोरा वीज साठवत नाही. ४९६ चा आकडा तिथेच खाली यायला लागतो.

दुसरं दुखणं कार्बनचं. टेम्पोच्या पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारतो, पण लांब पल्ल्यावर दमतो. त्याला वाट देण्यासाठी कार्बनची पूड मिसळावी लागते, आणि सुरुवातीच्या कित्येक प्रयोगांत ही पूड खुद्द साठवणाऱ्या पदार्थापेक्षा जास्त होती. गाडीत प्रवासी कमी आणि कर्मचारीच जास्त, अशी गत. एमआयटीच्या पदार्थाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यात भरताड एक दशांशाहूनही कमी आहे.

तिसरं, जागा. कापूस आणि लोखंड यांच्यासारखा हा मामला आहे. कोबाल्ट ऑक्साइड सेंद्रिय पदार्थांच्या तिप्पट-चौपट घन आहे. ग्रॅममागे बरोबरी झाली, तरी तेवढ्याच चार्जसाठी सेंद्रिय पदार्थाला जागा जास्त लागते. त्यात बहुतेक क्विनोनचं व्होल्टेजही कमी पडतं.

आणि एक आक्षेप बिनतोड आहे: "कोबाल्ट नको असेल तर लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेतच की!" खरं आहे. कितीतरी ई-रिक्षा आणि बस आज त्यावरच धावतात. त्या स्वस्त, टिकाऊ आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. तेव्हा स्वस्त गाडीच्या बाजारात सेंद्रिय बॅटरीने त्यांच्याशी झुंजावं, यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पण लोह-फॉस्फेटचा लेप पॉलिमरइतका लवचीक नसतो, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीत तो तितका मऊ राहत नाही. तिथे मैदान मोकळं आहे.

पेट घेणार नाही ना? कचऱ्याचं काय?

कोबाल्ट ऑक्साइड फार तापलं की स्वतःतून ऑक्सिजन सोडतं, म्हणजे आगीला हवा आतूनच मिळते. रॅडिकल पॉलिमर किंवा क्विनोन तसं करत नाहीत, ही जमेची बाजू. पण सेंद्रिय पदार्थ जळतात, आणि इलेक्ट्रोलाइट नेहमीचाच ज्वलनशील असेल तर तो धोका कायम राहतो. काही गट म्हणूनच पाण्यावर आधारलेला इलेक्ट्रोलाइट वापरतात. तो पेटत नाही, मात्र व्होल्टेज कमी ठेवावं लागतं, नाहीतर पाण्याचंच विघटन होतं.

कचऱ्याबाबत एक प्रयोग मला फार आशादायक वाटतो. २०२१ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रा. जोडी लुटकेनहाउस आणि प्रा. कॅरन वुली या दोन संशोधिकांच्या गटांनी प्रथिनांसारख्या पॉलिपेप्टाइड साखळीवर एका टोकासाठी टेम्पोच्या जातीचा रॅडिकल आणि दुसऱ्या टोकासाठी व्हायोलोजेन नावाचा रेणू लावला. दोन्ही टोकं सेंद्रिय, आणि काम संपल्यावर आम्लात ठेवलं की साखळी तुटून अमिनो आम्लं आणि इतर छोटे रेणू उरतात. दुरुस्तीवाल्याच्या त्या वाळूच्या डब्यात पडलेल्या बॅटरीचं असं कधी होणार नाही. या पॉलिपेप्टाइड बॅटरीची टाकी मात्र फार छोटी आहे, हेही सांगायला हवं.

पुढची बातमी वाचताना

"एका मिनिटात चार्ज" असं वाचलं की पहिल्यांदा पाहा, पदार्थाचा थर किती जाड होता. काही मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) थर कुणीही झटकन भरेल. कामाच्या बॅटरीला लागतो तेवढा जाड थर भरणं हीच परीक्षा. मग पाहा, त्यात कार्बनची पूड किती टक्के होती. मग दुसऱ्या टोकाला काय लावलं होतं ते शोधा. मथळ्यात 'धातूविना' असतं आणि आत दुसरं टोक शुद्ध लिथियमच्या पत्र्याचं निघतं, असं अनेकदा होतं. एनईसीच्या बॅटरीतही सेंद्रिय होतं ते अधिक टोकच. आणि बॅटरी वाकवलेली दाखवली असेल, तर एवढंच विचारा: किती त्रिज्येला, किती वेळा, आणि वाकत असताना ती चालू होती का?